प्रकरणाचा विवेक आणि शब्दांचा छल

गेल्या पावसाळ्यात एक तरुण आमच्याकडे सल्ला घेण्यासाठी आला. तो अभियंता आहे, पत्नी शिक्षिका आहे, चार वर्षांची एक मुलगी आहे. जुन्या जागेचा करार महिनाअखेर संपत होता. नवी मुंबईतील एका सोसायटीत त्यांना भाड्याचे घर पसंत पडले. मालक राजी झाला. अनामत रकमेची बोलणीही झाली. तेव्हा एजंटाने त्याला बाजूला घेऊन हितोपदेश केला. "सेक्रेटरी पूर्ण नाव विचारतील. तुम्ही आडनाव सांगू नका, गावाचे नाव लावून सांगा. आणि बाबासाहेबांची तसबीर पहिले दोन-तीन महिने भिंतीवर लावू नका. पुढे कोण विचारतो?"

तो तरुण आमच्याकडे कायदा विचारण्यास आला नव्हता. त्याने विचारले ते असे : "वकीलसाहेब, मी पंचशील ग्रहण केले आहे. नाव न सांगणे म्हणजे खोटे बोलणे का? आणि गावाचे नाव आडनाव म्हणून सांगितले, तर ते खोटे किती? आमच्या घराण्यात आजोबांच्या आधी तेच नाव लावीत असत."

प्रश्न लहान दिसतो, पण तो लहान नाही. अशा प्रश्नांची उत्तरे देण्याची एक विद्या जगात फार जुन्या काळापासून चालत आलेली आहे, आणि तिने माणसाचे जितके कल्याण केले तितकेच अकल्याणही केले आहे. तिला पाश्चात्त्य 'कॅझुइस्ट्री' म्हणतात. लॅटिन भाषेतील 'कासुस' म्हणजे घडलेली गोष्ट, प्रकरण. सर्वांना मान्य असलेले नीतितत्त्व एखाद्या विशिष्ट प्रकरणाला कसे लागू होते, कोठे लागू होत नाही, दोन कर्तव्ये एकमेकांस भिडली तर कोणते वरचढ ठरते, हे प्रकरणाशी प्रकरण ताडून ठरविण्याची ही रीत होय. आम्ही तिला 'प्रकरणविवेक' म्हणू. आम्हां वकिलांना ही रीत परकी नाही. कायद्याचे कलम सर्वांना एकच असते; पण आपल्या अशिलाचे प्रकरण मागच्या कोणत्या निकालाशी जुळते आणि कोठे वेगळे पडते, यावरच न्यायालयात दिवस जातो.

मग या शब्दाला जगात दुर्लौकिक का प्राप्त झाला? सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये जेझुइट पंथाचे धर्मशास्त्री पापनिवेदन ऐकताना या रीतीचा वापर करीत. त्यांपैकी काहींनी अशा युक्त्या शोधून काढल्या की, जवळजवळ कोणतेही कृत्य निर्दोष ठरावे. एक युक्ती 'मनातल्या राखणीची' : तोंडाने अर्धे वाक्य बोलावे, उरलेले मनात पूर्ण करावे, म्हणजे असत्य भाषणाचा दोष लागत नाही. दुसरी युक्ती 'हेतू वळविण्याची' : कृत्य तेच करावे, पण मनातील हेतू दुसऱ्या निर्दोष गोष्टीकडे वळवावा. १६५६ व ५७ या दोन वर्षांत पास्कल या विचारवंताने अठरा पत्रे प्रसिद्ध करून या युक्त्यांची अशी खिल्ली उडविली की, तेव्हापासून कॅझुइस्ट्री म्हणजे लबाडीचा युक्तिवाद, हाच अर्थ लोकांच्या जिभेवर राहिला.

आपल्याकडेही हा रोग ओळखला गेला होता. न्यायसूत्रांनी 'छल' हा वादातील दोष सांगितला आणि त्याचे तीन प्रकार केले. त्याचे परंपरागत उदाहरण प्रसिद्ध आहे. कोणी म्हणाला, "हा माणूस नवकंबल आहे," म्हणजे त्याच्यापाशी नवी कांबळी आहे; प्रतिपक्षी म्हणतो, "त्याच्यापाशी नऊ कांबळी कोठे आहेत? एकच तर दिसते!" शब्द तोच, अर्थ सोयीप्रमाणे फिरविला. हसू येते खरे. परंतु याच रीतीने माणसाला पाण्यावाचून ठेवता येते, आणि तसे ठेवले गेले, हे आम्ही पुढे दाखविणार आहोत.

तथापि छल होतो म्हणून विवेकच टाकून द्यावा काय? अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे चारशे रोगग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना, उपचार उपलब्ध झाल्यावरही, केवळ रोगाची वाटचाल पाहण्यासाठी उपचारावाचून ठेवण्यात आले. हे उघडकीस आल्यावर १९७४ मध्ये माणसांवरील प्रयोगांसंबंधी नीतिनियम ठरविण्यासाठी एक राष्ट्रीय आयोग नेमण्यात आला. त्या आयोगात काम केलेल्या जॉनसेन आणि टूलमिन या दोघांनी १९८८ साली एक ग्रंथ लिहून आपला अनुभव नोंदविला. आयोगाच्या सभासदांचे धर्म वेगळे, तत्त्वज्ञान वेगळे. तत्त्वांवर चर्चा निघाली की एकमत होईना. परंतु अमुक माणसावर अमुक परिस्थितीत अमुक प्रयोग करणे योग्य की अयोग्य, असा प्रश्न समोर ठेवला की बहुधा सर्वांचे उत्तर एकच येई. दोष प्रकरणविवेकाचा नव्हे, त्याच्या दुरुपयोगाचा, असे त्यांनी प्रतिपादन केले. आम्हांस ते पटते. तत्त्व सांगणारे पुष्कळ असतात. पण समोर उभ्या असलेल्या माणसाचे दुःख पाहिल्यावाचून तत्त्वाला डोळे फुटत नाहीत.

तथागताची रीत हीच होती. विनयातील नियम एका बैठकीत बसून रचलेले नाहीत. काही घडले, तक्रार आली, भगवंतांनी चौकशी केली आणि त्या प्रसंगावरून नियम घातला. पुढे दुसरा प्रसंग आला तेव्हा त्याच नियमाला अपवाद जोडला. पाली प्रातिमोक्षातील भिक्षूंचे २२७ नियम असे प्रकरणाप्रकरणाने जमलेले आहेत. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या प्रबंधात तत्त्व आणि नियम यांतील भेद स्पष्ट करून सांगितला : नियम केवळ आज्ञा देतो, तत्त्व माणसाला विचार करण्याची मुभा देते आणि म्हणूनच जबाबदार धरते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचे विवेचन करताना त्यांनी हाच भेद पुन्हा मांडला. जो तत्त्व मानतो त्याला प्रत्येक प्रकरणात विचार करावाच लागतो. प्रकरणविवेक हा बौद्धाला ऐच्छिक विषय नाही.

आणि छलाचाही इतिहास आपल्या घरातच आहे, तो आपण लपवू नये. महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीच्या वज्जी भिक्षूंनी दहा सवलती काढल्या. मीठ साठवावयाचे नाही, पण शिंगात भरून ठेवले तर साठविणे होत नाही. माध्यान्हीनंतर जेवावयाचे नाही, पण सावली दोन अंगुळे सरकेपर्यंत माध्यान्हच समजावी. सोने-रुपे स्वीकारावयाचे नाही. पण उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे भांडे मध्ये ठेवून त्यात नाणी टाका, असे उपासकांना सांगावयाचे! यश स्थविरांनी याला विरोध केला, संघाने त्यांनाच शिक्षा केली. तेव्हा त्यांनी भिक्षूंना जमविले आणि दुसऱ्या संगीतीत त्या दहाही गोष्टी धर्मबाह्य ठरल्या. प्रत्येक सवलत केवळ दोन अंगुळांची होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. छल नेहमी दोन अंगुळांनीच सुरू होतो.

आता महाडकडे वळू. आमच्या पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेस गेले की महाड लागते. पनवेल आणि महाड हे दोन्ही तालुके त्या वेळच्या एकाच कुलाबा जिल्ह्यातले. १९२३ साली रावबहादूर बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, त्यात पंचगव्य मिसळून, मंत्रोच्चारात ते पुन्हा तळ्यात ओतण्यात आले आणि तळे 'शुद्ध' झाल्याचे जाहीर झाले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात वादी न्यायालयात गेले आणि त्यांनी तात्पुरता मनाईहुकूम मिळविला.

त्या दाव्यातील युक्तिवाद आजच्या प्रत्येक बौद्ध तरुणाने समजून घेण्यासारखा आहे. वादी असे म्हणाले नाहीत की, 'आम्ही या माणसांना हीन समजतो, म्हणून त्यांना पाणी देणार नाही.' ते म्हणाले, तळे सार्वजनिक नाही, खाजगी आहे. आणि म्हणाले, अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची रूढी अनादि आहे, म्हणून ती कायद्यासमान आहे. मुसलमान त्या तळ्याचे पाणी वापरीत, त्याला हरकत नव्हती. म्हणजे 'सार्वजनिक' या शब्दातून एका समाजापुरता अर्थ काढून घ्यावयाचा, आणि अन्यायाला जितकी वर्षे झाली तितका तो न्याय्य मानावयाचा. नवकंबलाचाच हा खेळ! फरक एवढाच की तेथे कांबळ्यांची संख्या बदलत होती, येथे माणसांची संख्या बदलत होती.

दावा महाडला चालला, अपील ठाण्यास गेले, आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. दहा वर्षे लागली. न्यायालय काय म्हणाले? रूढी अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढेच. अशी रूढी सिद्ध झाली असती तर ती नीतीला व लोकहिताला धरून आहे की नाही, या प्रश्नाचा निर्णय करण्याची वेळच आली नाही. वकील म्हणून आम्ही त्या निकालाचा आदर करतो. प्रकरण लहानात लहान मुद्द्यावर संपवावे ही न्यायालयाची रीतच आहे. परंतु एक गोष्ट निकालानंतरही शिल्लक राहिली. पुरावा अपुरा होता म्हणून पाणी मिळाले. माणूस आहे म्हणून मिळाले नाही. ती उरलेली गोष्ट संविधानाने पुरी केली. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांचा नामनिर्देश आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत 'दुकान' या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितले की तो शब्द व्यापक अर्थाने घेतलेला आहे. मोबदला घेऊन सेवा देणाराही त्यात येतो. पाहा, हाही शब्दार्थाचाच विचार आहे. मग महाडच्या वादींचा अर्थविस्तार छल का, आणि बाबासाहेबांचा विवेक का?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी आम्ही वाचकांपुढे तीन कसोट्या ठेवतो.

पहिली कसोटी : भेद कोणाच्या सोयीसाठी केला जात आहे? अपवाद शोधून दुर्बलाच्या खांद्यावरचे ओझे हलके होत असेल, तर तो बहुधा विवेक असतो. अपवाद शोधणारा आपलेच ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकीत असेल, तर तो बहुधा छल असतो.

दुसरी कसोटी : जागा बदलून पाहा. तुम्ही त्या तळ्याच्या पलीकडच्या बाजूस तहानलेले उभे असता, तर 'खाजगी' आणि 'सार्वजनिक' यांतील हाच भेद तुम्हांला मान्य झाला असता काय?

तिसरी कसोटी : ज्याला तो भेद जाचतो त्याच्या तोंडावर, चारचौघांत, तो जसाच्या तसा उच्चारता येतो काय? जे कारण कागदावर एक आणि मनात दुसरे असते, ती पास्कलने उघडी पाडलेली मनातली राखणच होय.

या कसोट्यांवर आता आमच्या शहराला लावून पाहू. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे व रायगड या दोन जिल्ह्यांतील गावांच्या जमिनीवर हे शहर आखून वसविण्यात आले. आखणाऱ्यांनी क्षेत्रे आखली, रस्ते आखले. येथे महारवाडा कोणी आखला नाही. या शहराला गावकुस नाही. पुष्कळ बौद्ध कुटुंबे येथे आली ती याच आशेने. परंतु जे नकाशात नाही ते कित्येकदा सोसायटीच्या कार्यालयातील टेबलावर सापडते. "आम्ही जात विचारीत नाही हो, फक्त मांसाहार चालत नाही." "आम्ही नाही म्हणत नाही, पण इतर सभासदांना विचारावे लागेल." "घर मालकाचे खाजगी आहे, त्याची मर्जी." शाकाहार हे कोणाचेही प्रामाणिक व्रत असू शकते, त्याविषयी आम्हांस आदर आहे. आमच्यातही शाकाहारी आहेत. परंतु ज्या दारात प्रथम आडनाव विचारले जाते आणि मागाहून ताट विचारले जाते, तेथे ताट हे निमित्त आहे. हेतू वळविण्याची जुनीच युक्ती ती. आणि 'खाजगी' हा शब्द तर महाडच्या दाव्यातून थेट आमच्या लिफ्टपर्यंत चालत आलेला आहे.

ही आडवळणे का घ्यावी लागतात? कारण सरळ नकार दिला तर तो गुन्हा आहे. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध अधिनियमाने, ज्यास आता नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास वा त्यात राहण्यास अटकाव करणे हा कलम ४ खाली अपराध ठरविला आहे. त्याच अधिनियमाचे कलम १२ तर मनातल्या राखणीवर नेमका घाव घालते : अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत असे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, तसे नव्हते हे करणाऱ्याने सिद्ध करावे. कायदा करणाऱ्यांना माणसाचे मन ठाऊक होते. ते मनात शिरत बसले नाहीत. पुराव्याचा भार त्यांनी योग्य माणसाच्या डोक्यावर ठेवला.

परंतु 'अनुसूचित जातीची व्यक्ती' म्हणजे कोण? येथे आमच्या समाजाला एक फार कडू अनुभव आलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात मुख्यतः हिंदूंनाच स्थान होते. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा झाला तो १९९० साली. मधल्या चौतीस वर्षांत काय घडले? १९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव मतदारसंघातून श्री. मेश्राम निवडून आले. त्यांनी १९५७ साली बौद्ध धम्म स्वीकारला आहे, या कारणावरून त्यांच्या निवडीस आव्हान देण्यात आले. विवाहपत्रिकेवर बुद्धाचे चित्र होते; शंकराच्या देवळाचे बुद्धमंदिर करण्यासंबंधीच्या कागदावर त्यांची सही होती; हा पुरावा झाला. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्म मानणे म्हणजे त्याचा उघड उच्चार करणे, आणि त्यांची निवड रद्द केली.

याचा परिणाम वाचकांपैकी कित्येकांनी आपल्या घरीच पाहिला आहे. भिंतीवर बुद्ध, मनात बावीस प्रतिज्ञा, आणि सरकारी अर्जावर 'हिंदू'. बाप मुलाचा हात धरून शाळेत गेला आणि जे सोडले तेच नाव लिहून आला. त्याला लबाड म्हणावयाचे? आम्ही म्हणणार नाही. आमच्या तीन कसोट्या लावून पाहा. पोरांच्या शिक्षणासाठी दुर्बलाने दोन वाटांतून एक निवडली; त्या दोन वाटा त्याने निर्माण केल्या नव्हत्या. अस्पृश्यता धर्मांतर झाले म्हणून गावाने सोडली नव्हती, पण संरक्षण मात्र काढून घेतले होते. 'तू धर्म बदललास म्हणून तुझे दुःख संपले' असे म्हणणारा आदेशच छलाचा होता; त्या छलापुढे वाकलेल्या बापाचा आम्ही निवाडा करणार नाही. तथापि त्याने आपल्या मनात त्याला खोटेच म्हटले, खरे म्हटले नाही, आणि बदलासाठी मोर्चात चालत राहिला, यातच त्याचे शील उरले. ज्या दिवशी माणूस नाइलाजाला धर्म म्हणू लागतो त्या दिवशी शील जाते.

आणि येथेच आम्हांस आपल्या लोकांस दोन शब्द कठोरपणे सांगावयाचे आहेत. महाडच्या वादींचा छल आम्हांस दिसतो. आमचा दिसतो काय? "आम्ही जात मानीत नाही, पण मुलगी देताना जरा पोटजात पाहतो, म्हातारी माणसे दुखावतात." "गणपती आम्ही मानीत नाही, मुलांच्या हौसेसाठी दीड दिवस बसवितो." "हुंडा घेतला नाही, त्यांनी आपणहून संसार मांडून दिला." ही वैशालीची दोन अंगुळे आहेत. हुंडा हा शब्द वाचतो, आणि मुलीचा बाप कर्जात बुडतो. पोटजात पाहणाऱ्या बापाने जागा बदलून पाहावी. नाकारलेल्या मुलाच्या तोंडावर ते कारण उच्चारून पाहावे. जीभ अडखळली, तर समजावे की हा विवेक नव्हे. दुसऱ्याचा छल उघडा पाडण्याचा अधिकार आपला छल टाकून देणाऱ्यालाच शोभतो.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. त्याने एकच प्रश्न विचारला असे त्यास वाटत होते. वस्तुतः ते तीन प्रश्न होते, आणि त्यांची उत्तरे निरनिराळी आहेत.

ज्याला विचारण्याचा अधिकार नाही त्याला उत्तर न देणे, हे असत्य नव्हे. मारेकरी दाराशी येऊन 'आत कोण लपले आहे?' असे विचारील, तर गप्प राहणाऱ्याला कोणताही धर्म दोषी ठरविणार नाही. भाडे देण्याची ऐपत, पोलिसांकडे द्यावयाचा भाडेकरूचा कागद, हे विचारण्याचा अधिकार आहे. जात हुडकण्याचा नाही. म्हणून मौन शुद्ध आहे.

दुसऱ्याचे वाटावे म्हणून निराळे आडनाव सांगणे हे मात्र असत्य आहे. आजोबांच्या आधी ते नाव लावीत असत, हे खरे. परंतु तो आज ते सांगणार आहे ते पूर्वज आठवले म्हणून नव्हे, समोरच्याचा गैरसमज व्हावा म्हणून. हे असत्य मोठे की लहान, असे विचाराल तर लहान म्हणू. कारण त्याने सेक्रेटरीचे कसलेच नुकसान होत नाही, आणि दोषाचा मोठा वाटा असा प्रश्न विचारणाऱ्याकडे जातो. छपरावाचून पोर उघड्यावर पडणार असेल आणि कोणी असे नाव सांगितले, तर त्याला दगड मारण्यास आम्ही उठणार नाही. परंतु या तरुणाची स्थिती तशी नव्हती. त्याला दुसरे घर मिळणे शक्य होते, थोडे लांब, थोडे महाग.

आणि तसबीर? ती उतरविणे हे बोलण्यात मोडत नाही, म्हणून त्यात असत्य नाही, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की तेथे साक्षीदार सेक्रेटरी नाही. तेथे साक्षीदार चार वर्षांची मुलगी आहे. बापाने तसबीर कपाटात ठेवली, हे ती पाहील. कशासाठी ठेवली, हे तिला कोणी सांगणार नाही. आणि न सांगता ती जे शिकेल ते आयुष्यभर पुरेल. शिवाय त्याच सोसायटीच्या दाराशी उद्या दुसरे बौद्ध कुटुंब येईल, तेव्हा सेक्रेटरी छातीठोक म्हणेल, 'आमच्याकडे असा कोणी राहत नाही.' लपलेला माणूस मागून येणाऱ्याच्या विरुद्ध पुरावा होतो.

आम्ही त्याला एवढेच सांगितले : खोटे नाव देऊ नकोस, जात विचारली तर 'हा प्रश्न कशासाठी?' असे नम्रपणे विचार. जे बोलणे होईल ते तारखेनिशी लिहून ठेव, आणि अर्जाची प्रत जवळ ठेव. त्याने अर्जावर पूर्ण नाव लिहिले. "कळवितो," असे उत्तर मिळाले. त्यानंतर काहीही कळविण्यात आले नाही. एजंट म्हणाला, "मी सांगितले होते." आज ते कुटुंब दुसऱ्या एका इमारतीत राहते, भाडे अधिक आहे, स्थानक लांब आहे. अर्जाची प्रत आणि तारखांची टिपणे आमच्या कपाटात आहेत. दावा करावयाचा की नाही हे त्याने ठरवावयाचे आहे. त्यालाही नोकरी आहे, वेळेची किंमत आहे, आणि चवदार तळ्याच्या निकालास दहा वर्षे लागली हे त्याला ठाऊक आहे.

वाचकहो, असा प्रश्न तुमच्यापुढेही येईल. घरासाठी येईल, मुलाच्या दाखल्यासाठी येईल, मुलीच्या लग्नात येईल. तेव्हा 'नियम काय सांगतो' एवढेच पाहून थांबू नका, आणि 'वाट कशी काढता येईल' एवढेच पाहूनही थांबू नका. प्रकरण नीट पाहा. कोणाचे ओझे कोणाच्या खांद्यावर जात आहे ते पाहा. जागा बदलून पाहा. आणि जे ठरवाल ते मोठ्याने म्हणता येते का ते पाहा. एवढे करूनही वाकावे लागले, तर वाका. पण वाकलो आहोत हे स्वतःशी मान्य करा आणि सरळ उभे राहण्याचा दिवस जवळ आणण्यासाठी झटा.